क्रीडांगणावरील स्वयंसेवकाचें काम

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त मानपाडा येथें भरलेल्या तरुणांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं तरुणांच्या सभेंत चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही वक्ते नव्हों. विद्वान तर नव्हेच. परंतु चालकांनीं विषयही नेमून दिला. ते म्हणाले, “आपल्या शहरांत जगांतील खेळाडू आले त्या वेळीं तुम्हीं स्वयंसेवक म्हणून काय केलें, तेवढें सांगा.” हें ऐकून संकोच कांहींसा कमी झाला. जें डोळ्यांनीं पाहिलें व हातांनीं केलें तें सांगण्यास विद्वत्ता लागत नाहीं. मात्र एक गोष्ट प्रारंभींच सांगून ठेवतों. श्रोत्यांपैकीं ज्यांस सामन्यांचें रसभरित वर्णन ऐकावयाचें असेल त्यांची आज निराशा होणार आहे. आम्हीं तेथें जें पाहिलें तें बहुतेक लोकांचे चेहरे होते. खेळ फारच थोडा पाहिला, आणि जो थोडा पाहिला त्याचीच आम्हांस अद्याप खंत वाटते. ती कां, हेंच आजच्या भाषणाचें सार आहे.

सन २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यांत सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा आपल्या देशांत भरली. फिफा ही जी फुटबॉलची जागतिक संस्था, तिची कोणतीही स्पर्धा त्यापूर्वीं भारतांत झाली नव्हती. चोवीस देशांचे संघ आले, एकंदर ५२ सामने झाले, आणि दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोव्यांतील मडगांव व आपली नवी मुंबई अशा सहा शहरांस यजमानपणाचा मान मिळाला. नवी मुंबईचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाले. हें क्रीडांगण सन २००८ पासूनचें, आणि त्याची ख्याति क्रिकेटची. परंतु त्या महिन्यांत तेथें फुटबॉलचें राज्य होतें. ता. ६ रोजीं सायंकाळीं ५ वाजतां न्यूझीलंड व तुर्कस्तान आणि रात्रीं ८ वाजतां पाराग्वे व माली असे दोन सामने होऊन प्रारंभ झाला. पुढें ९, १२ आणि १८ या तारखांस सामने झाले, व २५ रोजीं माली आणि स्पेन यांचा उपांत्य सामना होऊन नेरूळचा पडदा पडला. अंतिम सामना कोलकात्यास झाला. त्यांत इंग्लंडनें स्पेनचा पांच विरुद्ध दोन गोलांनीं पराभव केला. साऱ्या स्पर्धेस तेरा लाख सत्तेचाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले. या वयाच्या मुलांचे खेळ पाहण्यास इतके लोक पूर्वीं कोणत्याही देशांत लोटले नव्हते.

घोडबंदर रस्त्यावरील आपल्या या मानपाड्याहून आम्ही पांच जण स्वयंसेवक म्हणून निवडले गेलों. पांचांपैकीं दोघे आपल्या धर्मग्रामांतले, दोघे शेजारचे हिंदु तरुण, आणि पांचवी एक मुसलमान मुलगी. दुपारीं बसनें ठाणे स्टेशन गाठावें, तेथून नेरूळकडे जाणारी लोकल धरावी, आणि रात्रीं सामना आटोपून शेवटचा प्रेक्षक बाहेर पडला म्हणजे त्याच वाटेनें परतावें, असा आमचा क्रम असे. येऊरच्या डोंगराखालच्या आपल्या गल्लींत पाऊल टाकीपर्यंत मध्यरात्र उलटून जाई. १८ तारखेस नरकचतुर्दशी होती. आमच्या सोबत्यांच्या घरीं पहांटे अभ्यंगस्नान झालें, आणि सायंकाळीं घाना व नायजर यांच्या सामन्यास ते दोघेही वेळेवर हजर होते. त्यांच्या आयांनीं फराळाचे डबे भरून दिले होते. ते डबे आम्हीं नेरूळच्या फलाटावर उभ्या उभ्या रिकामे केले.

बाहेरून पाहणारास वाटतें कीं, फुटबॉल म्हणजे बावीस खेळाडू, एक चेंडू आणि शिट्टी घेतलेला पंच. परंतु एका सामन्यामागें शेंकडों हात राबत असतात. कोणी पाहुण्या संघाबरोबर हॉटेलापासून मैदानापर्यंत राहून त्याच्या गरजा पाहतो. कोणी वृत्तपत्रकारांस त्यांच्या जागा दाखवतो. कोणी ओळखपत्रांच्या कचेरींत बसून छायाचित्र व चेहरा जुळतो कीं नाहीं हें तपासतो. प्रत्येकाच्या गळ्यांतील ओळखपत्रावर आंकडे छापलेले असतात, आणि ज्या विभागाचा आंकडा आपल्या पत्रावर नाहीं त्या विभागांत पाऊल टाकावयाचें नसतें, मग दारापलीकडे आपला आवडता खेळाडू कां उभा असेना. उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीसाठीं ज्या खेळाडूचें नांव निघतें त्याच्या मागें एक माणूस नेमलेला असतो. खेळाडूस तशी सूचना दिल्यापासून तो तपासणीच्या खोलींत पोंचेपर्यंत त्यास एक क्षणही नजरेआड होऊं द्यावयाचें नसतें. या सर्व कामांत मानाचीं कामें थोडीं व उभें राहण्याचीं फार. आमच्या वांट्यास प्रेक्षकांची व्यवस्था आली. दार दाखवणें, जागा दाखवणें, जिना मोकळा ठेवणें, हरवलेल्यास वाट सांगणें, एवढेंच तें काम.

एवढेंच, असें आम्हांसही प्रथम वाटलें होतें. तें वाटणें एका घटनेनें साफ पालटलें. स्पर्धा सुरू होण्यास एक आठवडा उरला असतां, ता. २९ सप्टेंबर रोजीं सकाळीं, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पाऊस पडत होता, माणसें आडोशास पुलावर थांबलीं होतीं, गाड्यांमागून गाड्या येऊन आणखी माणसें वर चढत होतीं, आणि पुढें वाट नव्हती. मेलीं तीं तुमच्या आमच्यासारखीं कामावर निघालेलीं माणसें. त्या रात्रीं मानपाड्यांतील आमच्या घरांतून एकच प्रश्न निघाला: “तुम्ही जेथें उभे राहणार, तेथें असें झालें तर?”

या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस आमचें काम समजलें. गर्दींत माणसें मरतात तीं बहुधा पायांखालीं तुडवून मरतात, अशी समजूत आहे. पुष्कळ वेळां तीं उभ्यानेंच मरतात. चौरस मीटरभर जागेंत चार-पांच माणसें झालीं तोंवर प्रत्येकास आपलें पाऊल आपण टाकतां येतें. त्याहून दाटी वाढली म्हणजे माणसाचें शरीर त्याच्या स्वाधीन राहत नाहीं. मागचा रेटा पुढच्याच्या छातीवर येतो, आणि श्वास घेण्यापुरतीही फासळी हलत नाहीं. यांत दुष्ट कोणीच नसतो. मागच्यास पुढें काय चाललें आहे तें दिसत नाहीं, म्हणून तो ढकलतो. पुढच्याचा आवाज मागें पोंचत नाहीं, म्हणून तो मरतो. कोलकात्याच्या ईडन गार्डनवर सन १९८० च्या ऑगस्ट महिन्यांत फुटबॉलच्याच सामन्यास १६ प्रेक्षक गेले. इंग्लंडांतील हिल्सबरो येथें सन १९८९ मध्यें घडलेल्या अनर्थांत ९७ जण गेले. त्यांतील शेवटचा मनुष्य तर अनेक वर्षें अंथरुणावर काढून सन २०२१ मध्यें वारला. अशा ठिकाणीं पुढची बातमी मागें पोंचवणारा, आणि जिना भरण्यापूर्वीं माणसांस खालींच थांबवणारा कोणी असेल, तर तो पोलिसाइतकेंच मोलाचें काम करतो. त्याच्या हातांत काठी नसते. एक फलक, एक शिट्टी आणि गोड बोलणें एवढेंच असतें. परंतु त्यासाठीं त्याचें तोंड लोकांकडे असावें लागतें. ज्याचें तोंड खेळाकडे, त्याची पाठ माणसांकडे.

आतां आमच्या हातून घडलेली चूक सांगतों. ती सांगतांना लाज वाटते, परंतु ती वगळली तर आजच्या भाषणांत सांगण्याजोगें कांहीं उरत नाहीं.

ता. २५ ची रात्र होती. आमची जागा प्रेक्षागाराकडे चढणाऱ्या एका जिन्याच्या माथ्यावर होती. सामन्याचा उत्तरार्ध चालू होता. स्पेनचे दोन गोल झाले होते, आणि आमच्याकडील बहुतेक प्रेक्षक मालीच्या बाजूचे होऊन गेले होते. इतक्यांत एक वृद्ध गृहस्थ सहा-सात वर्षांच्या नातवाचा हात धरून आले. गर्दींतून मुलास खालीं न्यावें कीं न न्यावें, या विचारांत ते थोडे थांबले, मग आमच्या अंगावरील गणवेश पाहून म्हणाले, “अहो, जरा याच्याकडे लक्ष ठेवतां का? पाणी घेऊन आलोंच.” आम्हीं मान डोलावली. खरें म्हटलें तर आम्हांस शिकवल्याप्रमाणें “मुलास बरोबरच न्या” असें म्हणावयास पाहिजे होतें. तें आम्हीं म्हटलें नाहीं. ही पहिली चूक.

ते खालीं उतरले, आणि आंतून असा प्रचंड गजर उठला कीं, जिना हादरला. आम्ही चार पावलें आंत गेलों. मालीच्या एका खेळाडूनें दुरून मारलेला चेंडू आडव्या खांबास लागून खालीं पडला होता. तो रेषेच्या आंत पडला असें पाहणारांस दिसलें. पंचांनीं मात्र गोल दिला नाहीं. सारें प्रेक्षागार हातवारे करूं लागलें. गोल होता कीं नव्हता, या वादांत आम्हीही क्षणभर गुंतलों. तो क्षण किती लांबला तें आज सांगतां येत नाहीं. परत वळून पाहतों तों जिन्याच्या माथ्यावर मूल नव्हतें.

पुढचीं पंधरा-वीस मिनिटें आम्हीं कशीं काढलीं याचें वर्णन करीत नाहीं. ज्यांच्या घरचें मूल जत्रेंत कधीं हरवलें असेल त्यांस तें ठाऊक आहे, आणि इतरांस तें कधीं ठाऊक न होवो. वृद्ध गृहस्थ पाण्याचा पेला हातांत धरून उभे होते. तो सांडत होता याचेंही त्यांस भान नव्हतें. अखेर खालच्या दाराकडून निरोप आला कीं, मूल सुखरूप आहे. कॉलेजांत शिकणारी एक मुलगी तेथें स्वयंसेविका म्हणून उभी होती. मूल एकटेंच जिना उतरत आहे हें पाहून तिनें त्यास थांबवलें, नांव विचारलें, आणि आपल्या जागीं दुसऱ्या सोबत्यास उभें करून त्यास प्रथमोपचाराच्या खोलींत नेऊन बसवलें. आम्हीं तिला विचारलें, “एवढा गजर झाला, तुला तो ऐकूं आला नाहीं काय?” ती म्हणाली, “आला कीं. पण माझें तोंड जिन्याकडे होतें.”

वृद्ध गृहस्थांचे पाय धरावे असें आम्हांस वाटलें. ते रागावले नाहींत. नातवास कडेवर घेऊन ते इतकेंच म्हणाले, “तुम्ही तेथें होतां, म्हणूनच मीं त्याला ठेवून गेलों.” रागावून चार शब्द बोलले असते तर तें आम्ही लवकर विसरलों असतों. हें वाक्य विसरतां येत नाहीं. आम्ही तेथें नसतों, तर त्या गृहस्थांनीं नातवाचा हात सोडलाच नसता. आमच्या गणवेशानें त्यांस निश्चिंत केलें होतें, आणि त्या गणवेशाच्या आंत त्या क्षणीं कोणी नव्हतें. श्रोतेहो, नुसता उभा राहणारा स्वयंसेवक हा स्वयंसेवक नसण्याहून अधिक धोक्याचा होय. कारण त्याच्या भरंवशावर दुसरा आपली सावधगिरी खालीं ठेवतो.

याच संदर्भांत दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो आम्हांस आमच्याच गल्लींतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं विचारला होता. वागळे इस्टेटींतील कारखान्यांत त्यांनीं तीस वर्षें काम केलेलें, कामगारांच्या संघटनेंत त्यांचें वजन. ते म्हणाले, “अरे, ज्या संस्थेच्या तिजोरींत अब्जावधि डॉलर येतात तिची हमाली तुम्ही पोरें फुकट कां करतां? तुमच्या फुकट हातांमुळें कोणा गरिबाची मजुरी बुडत नाहीं काय?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. सन २०१५ ते २०१८ या चार वर्षांत फिफाची मिळकत सहा अब्ज डॉलरांहून अधिक झाली, हें त्या संस्थेच्याच हिशेबावरून दिसतें. स्वयंसेवकास तेथें वेतन नव्हतें. गणवेश, कामाच्या दिवशीं भोजन आणि शेवटीं एक प्रमाणपत्र, एवढीच त्याची प्राप्ति. गृहस्थांस त्या वेळीं आम्ही नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. पुष्कळ विचारानंतर जें सुचलें तें आज या सभेपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट ही कीं, त्यांचें म्हणणें अर्धें खरें आहे. ज्या कामावर कोणाचें पोट चालतें तें काम स्वयंसेवकानें फुकट करून त्याचें पोट मारूं नये. झाडणारा, वीज पाहणारा, पहारेकरी, स्वयंपाकी, यांस त्यांचें पूर्ण वेतन मिळालेंच पाहिजे. त्यांच्या जागीं उत्साही तरुण उभे करून पैसा वांचवणें हा अधर्म होय, मग तो करणारी संस्था जागतिक असो कीं गल्लींतली असो.

दुसरी गोष्ट ही कीं, स्वयंसेवक ज्याची सेवा करतो तो संस्थेचा मालक नव्हे. आम्ही स्वित्झर्लंडांतल्या कोणा अधिकाऱ्याची सेवा करावयास गेलों नव्हतों. मालीच्या मुलांची शाळेंतली भाषा फ्रेंच, घरची बहुधा बंबारा. पाराग्वेच्या मुलांच्या तोंडीं स्पॅनिश आणि ग्वारानी. या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांस आपल्या शहरांत परकें वाटूं नये. कल्याणहून आलेल्या कुटुंबास आपली जागा सांपडावी. पहिल्यानेंच मैदान पाहणाऱ्या शाळकरी मुलीस रात्रीं सुखरूप गाडींत बसतां यावें. ही सेवा त्यांची होती. घरीं आलेल्या पाहुण्यास पाणी देतांना आपण त्याचें मोल विचारीत नाहीं, आणि शहर हेंही एक घरच आहे.

तिसरी गोष्ट अशी कीं, जें फुकट दिलें तें निष्काळजीपणें द्यावयाचें असें नव्हे. मजुरास मुकादम असतो. त्याची चूक मजुरींतून कापली जाते. स्वयंसेवकाची चूक कापावयास मजुरीच नाहीं. म्हणून त्याच्यावर पहारा त्याचा त्यानेंच ठेवला पाहिजे. सन २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडासामन्यांच्या वेळीं निवडलेल्या सुमारे २२,००० स्वयंसेवकांपैकीं सुमारे १०,००० जण आधींच निघून गेले, असें तेव्हां प्रसिद्ध झालें होतें. त्यांच्याही तक्रारी असतील, आणि त्यांतील कांहीं खऱ्याही असतील. परंतु दाराशीं येऊन उभ्या राहिलेल्या पाहुण्यास ती तक्रार ऐकवून काय उपयोग? उलट सन २०१२ मध्यें लंडन येथें सुमारे ७०,००० स्वयंसेवकांनीं ऑलिंपिकचें ओझें असें वाहिलें कीं, पदकांच्या गोष्टींबरोबर त्यांच्या हंसतमुख स्वागताच्या गोष्टीही लोकांनीं घरोघर नेल्या.

कोणी म्हणेल कीं, हजारों लोकांच्या गजरांत उभें राहण्यास काय लागतें. तेथें उत्साह आपोआप येतो. त्यास उत्तर म्हणून एक हकीगत सांगतों. सन २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारींत आशियांतील महिलांच्या फुटबॉलची स्पर्धा नवी मुंबई, मुंबई व पुणें येथें भरली. कोविडच्या सांथीमुळें प्रेक्षकांस मैदानाचीं दारें बंद होतीं. ता. २३ जानेवारीस भारताच्या मुलींचा चिनी तैपेईशीं सामना व्हावयाचा होता; परंतु संघांत इतक्या मुली आजारी निघाल्या कीं, नियमाप्रमाणें लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या करतां आल्या नाहींत, आणि यजमान देशास आपल्याच अंगणांतून माघार घ्यावी लागली. आमच्या पांचांतील दोघी त्या स्पर्धेस स्वयंसेविका होत्या. चाचण्या द्यावयाच्या, मुखपट्टी बांधून तासन्‌तास बसावयाचें, आणि समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा! घरच्यांनीं विचारलें, “आतां आपल्या मुलीच खेळत नाहींत, जातां कशाला?” त्या म्हणाल्या, “बाकीच्यांच्या मुली खेळताहेत ना?” ता. ६ फेब्रुवारीस चीननें कोरियावर तीन विरुद्ध दोन गोलांनीं जय मिळवला त्या रात्रींपर्यंत त्यांनीं एकही पाळी चुकवली नाहीं.

त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भुवनेश्वर, गोवा व नवी मुंबई येथें झाली. ही स्पर्धा मूळची सन २०२० ची; सांथीमुळें ती पुढें गेली, मग रद्द झाली, आणि सन २०२२ साठीं पुन्हां आपल्याकडे आली. तेवढ्यांत ऑगस्ट महिन्यांत फिफानें भारतीय फुटबॉल महासंघासच निलंबित केलें, आणि अकरा-बारा दिवस स्पर्धा होते कीं नाहीं हेंच कोणास कळेना. अशा टांगत्या स्थितींतही नांवें दिलेल्या मुलींनीं नांवें काढून घेतलीं नाहींत. स्पर्धेस दहा दिवस असतां इंडोनेशियांतील मलंग येथें सामन्यानंतर पोलिसांनीं अश्रुधूर सोडला, बाहेर पडण्याच्या अरुंद दारांशीं गर्दी कोंडली, आणि १३५ माणसें गेलीं. ती बातमी वाचल्यावर आमच्या सोबतिणींनीं नेरूळला पोंचतांच पहिली चौकशी केली ती आपल्या बाजूचीं बाहेर जाण्याचीं दारें कोणतीं व तीं उघडतात कीं नाहीं याची. ता. ३० ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यांत स्पेननें कोलंबियावर एका गोलानें विजय मिळवला. तो गोल त्यांनीं पाहिला नाहीं. त्यांस आम्हीं विचारलें, “वाईट वाटलें काय?” त्या म्हणाल्या, “घरीं येऊन मोबाईलवर पाहिला.”

श्रोतेहो, आतां घरचें बोलूं. मुंबईस सन १९६४ मध्यें आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस भरली व पोप सहावे पॉल स्वतः आले, त्या दिवसांच्या गोष्टी आपल्यांतील वृद्ध अद्याप सांगतात. त्या गोष्टींत पोप महाराजांचें दर्शन असतें, लोकसागर असतो. परंतु त्या लोकसागरास वाट दाखवीत जे उभे होते त्यांचीं नांवें कोणी सांगत नाहीं. तें योग्यच आहे. त्या कामाचा स्वभावच तसा आहे. आणि आतां या क्षणीं, आपण येथें पंख्याखालीं बसून हें भाषण ऐकत असतां, फाटकाबाहेर रस्त्यावर आपल्याच धर्मग्रामांतले तीन तरुण वाहनें लावून देत आहेत. त्यांस हें भाषण ऐकूं येत नाहीं. तुमच्यापैकीं किती जणांनीं आंत येतांना त्यांस पाहिलें?

नेरूळच्या स्पर्धेसाठीं अर्ज करावयास मुलांची रीघ लागली होती. गणवेश मिळणार होता, छायाचित्रें निघणार होतीं, परदेशी खेळाडू दिसणार होते. त्यांत वाईट कांहींच नाहीं. आम्हीही त्याच ओढीनें गेलों. परंतु सणाच्या मिस्साच्या वेळीं जिन्याच्या तोंडाशीं उभें राहावयास, आजारी वृद्धेस सिव्हिल हॉस्पिटलांत घेऊन जावयास, पावसाळ्यांत रात्रीं-अपरात्रीं शेजाऱ्याच्या हांकेस धांवावयास, नांव मागितलें कीं तींच मुलें नजर चुकवतात. जेथें गणवेश नाहीं व प्रमाणपत्र नाहीं तेथेंही जो उभा राहतो त्याच्या पुढें नेरूळचा आमचा अनुभव म्हणजे नुसता सराव होय.

म्हणून ज्युबिलीच्या या वर्षीं आपणांपाशीं दोन मागण्या करतों. सभागृहाच्या दाराशीं एक वही ठेवली आहे. तींत ज्यास जें काम जमेल त्यापुढें त्यानें आपलें नांव लिहावें; न जमणाऱ्या कामापुढें मात्र भिडेखातर लिहूं नये. दुसरी मागणी अशी कीं, नांव लिहिणारांनीं प्रथमोपचाराचें व गर्दी हाताळण्याचें शिक्षण घ्यावें. चांगलें मन पुरत नाहीं, हें आम्ही त्या रात्रीं जिन्याच्या माथ्यावर शिकलों. आमचें मन चांगलेंच होतें. पाय मात्र चार पावलें आंत गेले.

त्याच नेरूळच्या मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ रोजीं भारताच्या मुलींनीं दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनीं पराभव करून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सारा देश त्या रात्रीं जागा होता. आम्हीही घरीं बसून सामना पाहिला आणि लहान मुलासारखे नाचलों. मात्र एकदां चित्रपटलावर प्रेक्षागार दिसलें, आणि जिन्याच्या माथ्याशीं, मैदानाकडे पाठ करून उभी असलेली एक आकृति दिसल्यासारखी वाटली. कोण होती, मुलगा कीं मुलगी, कांहीं कळलें नाहीं. सर्वजण उठून टाळ्या वाजवीत होते; ती आकृति मात्र वळली नाहीं. आम्हांस समाधान वाटलें.

फाटकाबाहेरच्या त्या तिघांस जेवणास आधीं बसवावें अशी चालकांस विनंति करून, आम्ही आपली रजा घेतों.